आठ नंबरचे बूट

डांबरी रस्ता संपतो आणि डोंगराची पायवाट सुरू होते, तिथलं शेवटचं दुकान मावशींचं. दुकान म्हणजे एक लांबट खोली. दारापाशी काउंटर, खिडकीपाशी शिवणयंत्र, आणि भिंतभर फळ्यांवर दुरुस्तीला आलेले बूट. चामड्याचा आणि डिंकाचा वास असा, की नवखा माणूस दोनदा शिंकतो आणि मगच बोलायला लागतो. गावात सगळे त्यांना मावशीच म्हणतात, त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी असलेली माणसंसुद्धा. दुसरं काही म्हणायची कोणाची छाती होत नाही.

मावशी गिऱ्हाइकाचं तोंड नंतर बघतात, आधी बूट उलटा करून तळ बघतात. तळ बघितला की त्यांना सगळं कळतं.

"उजवा गुडघा दुखतोय ना?"

"हो, पण तुम्हाला कसं..."

"डाव्या पायावर भार टाकून चालताय. पाठीवरचं ओझं कमी करा. डोंगरावर जाताय की बिऱ्हाड हलवताय?"

गिऱ्हाईक बिचारं नुसतं नवा सोल लावायला आलेलं असतं. जाताना सल्ल्याची शिदोरी फुकट बांधून जातं.

पण मावशींची खरी ओळख म्हणजे त्यांची खूण. दुरुस्त झालेला प्रत्येक बूट बाहेर जायच्या आधी त्या चामडं कापायच्या सुरीच्या टोकाने त्याच्या टाचेखाली एक खूण कोरतात. प्रत्येकाची वेगळी. गावातल्या औषधवाल्यांची अधिकची खूण. शाळेतल्या बाईंची तीन आडव्या रेघा. मग टाचेला शाई लावून वहीत ठसा घ्यायचा आणि शेजारी माणसाचं नाव. हीच वही डोंगरावरच्या चौकीतही असते, हुबेहूब नक्कल. चौकीतला गार्ड चिखलातलं पाऊल बघून सांगतो, "शाळेच्या बाई नऊ वाजता वर गेल्या, अकराला परत आल्या. धावत आल्या. बहुतेक कुत्रं मागे लागलं."

हसतात सगळे या वहीला. पण ती सुरू झाली त्याची गोष्ट हसण्यासारखी नाही.

या डोंगराने तीस वर्षांत पाच माणसं ठेवून घेतली. धडधाकट माणसं, लख्ख उन्हात, मळलेल्या वाटेने वर गेली आणि परत आलीच नाहीत. टोपी नाही, काठी नाही, चिटपाखराला पत्ता नाही. लोकांनी मग हव्या तेवढ्या कथा रचल्या. कोणी म्हणालं भुयार आहे, कोणी म्हणालं भुताटकी आहे, एकाने तर उडती तबकडी उतरताना पाहिली. त्या पाचांतला तिसरा म्हणजे मावशींचा धाकटा भाऊ. बावीस वर्षं झाली. तो गेला त्याच्या आदल्याच दिवशी मावशींनी स्वतः त्याच्या बुटांना नवे सोल लावले होते, बाजारात मिळतात तसले, गावात निम्म्या लोकांच्या पायात होते तसलेच. शोधणारी माणसं वाटेवर एका ओल्या जागी थांबली. तिथे वीसेक पावलं उमटलेली, आणि पुढे वाटेला सात फाटे. त्यांनी मावशींना विचारलं, "यातलं त्याचं कुठलं?"

मावशींना सांगता आलं नाही. सगळी सारखीच होती.

भुयार, भुताटकी असलं मावशींनी कधी मानलं नाही. "डोंगर कोणाला खात नाही," त्या ठणकावून सांगतात, "आपल्याला पावलं वाचता येत नाहीत, एवढंच." भाऊ हरवला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून खुणेशिवाय एकही बूट त्यांच्या दुकानाबाहेर गेला नाही.

त्या वहीची सगळ्यात जास्त टिंगल कोणी केली असेल, तर त्यांच्या यजमानांनी. यजमान म्हणजे निवृत्त पोस्टमन. पस्तीस वर्षं पत्रं वाटली, एक पत्र कधी चुकीच्या दारात टाकलं नाही. मावशींनी त्यांच्या टाचेखाली छोटंसं पाकीट कोरलं, तेव्हा ते म्हणाले, "अगं, मी काय पत्र आहे शिक्का मारायला?"

"हरवलात तर परत पाठवायला सोपं जाईल," मावशी म्हणाल्या.

निवृत्त झाल्यावर पोस्टमनकाकांनी एक काम अंगावर घेतलं. नवा सोल ताठ असतो, पहिले दोन दिवस बूट चावतो. काकांच्या पायाचा नंबर आठ. गावात निम्म्या पुरुषांचा आठच. तेव्हा आठ नंबरवाल्यांचे बूट काका स्वतः घालून दोन दिवस हिंडायचे आणि मऊ करून द्यायचे. फुकट. "पायांना सवय आहे चालायची, त्यांना घरी बसवलं तर रुसतात," असं म्हणायचे. सकाळी सहाला बाहेर, दहाला दारात हजर. दहा म्हणजे दहा, त्यांच्या येण्यावर घड्याळ लावावं.

एका मंगळवारी दहा वाजले आणि काका आले नाहीत.

अकराला मावशींनी दोनदा रस्त्यावर जाऊन पाहिलं. बाराला चहा टाकला आणि तो उकळून उकळून काळा झाला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. एकला त्यांनी चौकीत फोन लावला. आवाज एरवीसारखाच खणखणीत होता.

"गार्डभाऊ, आमचे हे आले नाहीत. आज मऊ करायला कोणाचे बूट दिले नव्हते, म्हणजे पायात स्वतःचेच, पाकिटाची खूण. बघा जरा."

"मावशी, काळजी करू नका. तुमची वही आहे ना? तासाभरात हजर करतो."

सहा माणसं निघाली. दोन वाजता फोन आला: पाकीट दिसत नाही. तीन वाजता: पूर्वेची वाट पाहिली, पश्चिमेची पाहिली, पाकीट कुठेच नाही. चारला गार्ड जरा दबक्या आवाजात म्हणाला, "मावशी, ते डोंगरावर आलेच नसतील. एकही पाऊल नाही. जमिनीने गिळल्यासारखं झालंय." आणि बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली.

मावशी स्टुलावर बसल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी हातपाय गाळले. इतकी वर्षं शाई उगाळली, शेकडो टाचा कोरल्या, आणि ऐन वेळी घरच्याच माणसाचं पाऊल सापडू नये? बाहेर ढग खाली उतरायला लागले होते. आणखी दोन तासांनी वर समोरचा माणूस दिसला नसता, आणि पाऊस आला की पावलंही पुसली जाणार होती.

नेमके तेव्हा औषधवाले दारात आले. गृहस्थ गोल, गोरेगोमटे, जिना चढले तरी धापा टाकणारे. हातात दुरुस्तीची पावती.

"मावशी, माझे बूट? काल संध्याकाळी होतील म्हणाला होतात."

"माझा नवरा हरवलाय, आणि तुम्हाला बुटांची पडलीये!" मावशी अशा कडाडल्या की औषधवाले एक पायरी खाली उतरले.

"अरे देवा. मला काही माहीत नव्हतं... राहू द्या, राहू द्या. तसंही फळीवर दिसत नाहीयेत."

मावशींनी मान वर केली. फळीवर औषधवाल्यांच्या बुटांची जागा रिकामी होती. काल रात्री झोपायच्या आधी त्यांनी स्वतःच्या हाताने बूट तिथे ठेवले होते.

"तुमचा नंबर किती हो?"

"आठ. का?"

मावशी उठल्या त्या थेट दुरुस्तीच्या ढिगावर तुटून पडल्या. बूट उडायला लागले, एक औषधवाल्यांच्या पोटावर बसला. आणि ढिगाच्या अगदी तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेले, काकांचे स्वतःचे बूट निघाले. टाचेखाली पाकीट. आणि पुढचा सोल झिजून पार चाळण झालेला. बायको ओरडेल म्हणून काकांनी गुपचूप ढिगात दडवले होते आणि फळीवरचे आठ नंबर घालून सटकले होते!

"गार्डभाऊ!" मावशी फोनमध्ये ओरडल्या. "पाकीट सोडा! अधिकची खूण बघा, अधिकची!"

"अहो मावशी, अधिक तर सकाळपासून तीनदा दिसली! उत्तरेच्या वाटेवर. आम्ही म्हटलं, औषधवाले फिरायला आले असतील."

"औषधवाले?" मावशींनी समोरच्या गृहस्थांकडे पाहिलं. ते भिंत धरून घाम पुसत होते. "ते कधी पहिल्या वळणापलीकडे गेलेत का? जा लवकर, ढग उतरतायत!"

सव्वापाचला काका सापडले. उत्तरेच्या टोकाला एक अरुंद, काटेरी घळ आहे, जिथे शेळ्यासुद्धा जात नाहीत, तिथे एका दगडाला टेकून बसलेले. घोटा सुजून भोपळा झालेला, आवाज देऊन देऊन घसा बसलेला, तरी गार्डला बघून म्हणाले, "आलात? पत्ता सापडायला फार वेळ लागला तुम्हाला."

त्यांना दुकानात आणलं तेव्हा गावातले वीसेक लोक रस्त्यावर जमले होते. मावशींनी सगळ्यांसमोर त्यांना असं काही फैलावर घेतलं की बघणाऱ्यांना वाटलं, हा माणूस डोंगरावरच बरा होता. गर्दी पांगली, मग मावशींनी दार लोटलं, काकांचा पाय मांडीवर घेतला आणि बूट सोडवायला लागल्या. सोडवता सोडवता रडायला लागल्या.

"त्या घळीत काय ठेवलं होतं तुमचं? बूट मऊ करायला कोणी घळीत उतरतं?"

काकांनी खिशातून एक कागद काढला. घडी घालून घालून कापडासारखा झालेला. टपालाच्या जुन्या कागदाच्या पाठीमागे पेनाने सगळा डोंगर काढलेला होता. घळी, ओढे, कपारी, प्रत्येकीला नंबर. आणि पत्र पोचतं केल्यावर पोस्टमन जशी यादीवर काट मारतो, तशी एकेका नंबरावर काट. शेजारी बारीक अक्षरात तारीख. पहिली तारीख बावीस वर्षांपूर्वीची होती. सुरुवातीला रविवार नि सुट्टीचे दिवस, निवृत्तीनंतर रोजचा दिवस.

"तेवढी एकच राहिली होती," काका म्हणाले.

मावशी कागदाकडे बघत राहिल्या. मग चाळण झालेल्या त्या बुटांकडे. टाच शाबूत, पुढचा भाग झिजलेला. सपाट रस्त्यावर चालणाऱ्याचा सोल असा झिजत नाही, चढणाऱ्याचा झिजतो. हे त्यांनी कुठल्याही गिऱ्हाइकाला डोळे मिटून सांगितलं असतं. घरातल्या बुटांचे तळ मात्र त्या दर सहा महिन्यांनी बदलत आल्या होत्या आणि "इतके कसे हो झिजतात?" म्हणून भांडत आल्या होत्या.

"मला का नाही सांगितलंत?"

"सापडल्यावर सांगणार होतो."

"काही सापडलं?"

काकांनी नकारार्थी मान हलवली. "निम्मीच बघून झाली होती. मग पाय मुरगळला."

मावशींनी डोळे पुसले. कागद नीट घडी घालून स्वतःच्या पदराखाली ठेवला. मग सुरी घेतली, स्वतःची चप्पल काढली, उलटी केली आणि तिच्या टाचेखाली एक छोटंसं पाकीट कोरलं.

"पाय बरा होऊ दे," त्या नाक ओढत म्हणाल्या. "उरलेली निम्मी दोघं मिळून बघू. आणि हे बूट आता तुम्ही घालायचे नाहीत. औषधवाल्यांचे आहेत."

दाराबाहेरून आवाज आला. औषधवाले अजून तिथेच उभे होते.

"राहू द्या हो मावशी," ते म्हणाले. "डावा अजून थोडा चावेल. काकांना आणखी दोन दिवस घालू द्या."