अरे मंदार, बघ रे कोण आलंय!

इंदूमावशींच्या दाराची बेल वाजवली की आतून पहिल्यांदा हाक ऐकू यायची, "अरे मंदार, बघ रे कोण आलंय!" हाक अशी खणखणीत की पॅसेजमधल्या चारही दारांना ऐकू जावी. मग सपाता घासत येण्याचा आवाज व्हायचा आणि दार स्वतः मावशीच उघडायच्या.

फ्रीमाँटमधल्या त्यांच्या, फक्त ज्येष्ठांसाठी असलेल्या सीनियर बिल्डिंगमध्ये मी पहिल्यांदा गेले ती थालीपिठाची भाजणी आणायला. गावातल्या निम्म्या मराठी घरांत त्यांचीच भाजणी जायची. त्या दिवशी मंदार अंघोळीला गेला होता. पुढच्या खेपेला तो फोनवर होता. त्यानंतर एकदा "आत्ताच डोळा लागलाय बिचाऱ्याचा" म्हणून मला हळू बोलायला लावलं होतं. दाराशी पुरुषाचे मोठे काळे बूट असायचे आणि बाल्कनीत हँगरवर निळा शर्ट वाळत असायचा. माझ्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळच लागला. एका बेडरूमच्या त्या घरात एकच पलंग होता आणि टेबलाला एकच खुर्ची होती. मंदार देशाच्या दुसऱ्या टोकाला, व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नला, बायकोमुलांसह राहत होता.

मी एकदा धीर करून विचारलं, तेव्हा मावशी जराही ओशाळल्या नाहीत.

"माणूस नाही तर नाही, त्याचं नाव तरी घरात फिरू दे," त्या म्हणाल्या. "दाराशी पुरुषाचं पायताण नसलं की घर पोरकं दिसतं गं. आणि शर्ट आठवड्याला धुते, नाहीतर कपाटाचा वास लागतो त्याला."

मूळच्या त्या साताऱ्याच्या. यजमान गेल्यावर मंदारने त्यांना इकडे आणलं. तेव्हा तो फ्रीमाँटलाच होता. काही वर्षांनी डेटा सेंटरमधली मोठी नोकरी मिळून तो व्हर्जिनियाला गेला, तेव्हा मावशीही गेल्या, पण एका हिवाळ्यातच परत आल्या. तिथे त्यांना बेसमेंटमधली खोली दिली होती. "खोली छान होती हो, कार्पेट होतं, टीव्ही होता," त्या सांगायच्या. "पण वर स्वयंपाकघरात जायचं तर आधी कानोसा घ्यायचा. आपल्याच मुलाच्या घरात मांजरासारखं वावरायचं म्हणजे काय?" सरकारी मदतीच्या या घरासाठी त्यांनी आधीच अर्ज केलेला होता, तिथे नंबर लागला आणि त्या एकट्या विमानात बसून आल्या. चुलीपासून चावीपर्यंत सगळं स्वतःचं असलेलं हे त्यांच्या आयुष्यातलं पहिलं घर. त्या घरावर त्यांचा भारी जीव होता.

जिभेने तिखट बाई. माझ्या पोळ्या बघून म्हणाल्या होत्या, "नकाशे चांगले काढतेस, आता पोळ्या शिक." पण मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी "मुलगा कुठे असतो?" असं विचारलं, की हीच जीभ साखरेत घोळल्यासारखी व्हायची. "मुलगा ना? माझ्याजवळच असतो," त्या सांगायच्या, आणि समोरच्या बाईच्या तोंडावर जरा हेवा उमटला की त्यांनी कार्यक्रमाला करून आणलेली पुरणपोळी सफल व्हायची. आपल्याकडे म्हातारपणाचं प्रगतिपुस्तक दुसरं असतं तरी काय? मुलगा जवळ असतो की नाही, एवढंच. मला त्यात खोटेपणा कधी वाटला नाही. फार तर हौस वाटायची.

ही हौस त्यांच्या अंगाशी आली ती बिल्डिंगच्या वार्षिक तपासणीच्या दिवशी. मॅनेजर बाई नवीन होत्या. त्यांनी बेल वाजवली आणि आतून सवयीची हाक आली. त्यांनी बूट पाहिले, शर्ट पाहिला आणि विचारलं, "हू इज मंदार?"

आणि मावशींनी छाती फुगवून सांगितलं, "माय सन! ही लिव्ह विथ मी. बिग इंजिनीयर!"

आठवड्याभरात बिल्डिंगच्या ऑफिसची नोटीस आली. मावशी ती घेऊन माझ्याकडे आल्या आणि मी वाचून दाखवत असताना वाटाणे सोलत बसल्या.

"मावशी, इथे नियम असा आहे," मी सांगितलं, "की घरात राहणारा प्रत्येक मोठा माणूस ऑफिसला कळवावा लागतो. त्याचा पगार घराच्या उत्पन्नात धरतात. मंदारचा पगार धरला तर तुम्ही या घराला पात्रच राहत नाही. शिवाय त्यांना वाटतंय की तुम्ही त्याला लपवून ठेवलंत."

"लपवून? अगं, मी तर ओरडून सांगत होते!"

मग त्यांचे हात थांबले. "म्हणजे मुलगा सांभाळतो म्हटलं तर घर जाणार, आणि मला कुणी नाही म्हटलं तर राहणार? काय उफराटा न्याय आहे गं हा!"

मला त्या दिवशी त्या नियमाचा फार राग आला. खरं तर नियमात काही वावगं नव्हतं. अशा घरांसाठी लोक वर्षानुवर्षं रांगेत असतात आणि कमावती मुलं गुपचूप आईबापांच्या घरात राहतातही. पण इथे घरात फक्त बूट राहत होते.

मी मंदारला फोन केला. "अफकोर्स, पाठवतो ना ताई," तो म्हणाला. "घराचे पेपर्स, लायसन्स, सगळं ईमेल करतो. पण आई असं का बोलली, यार? मी दोन वर्षांत तिकडे आलो पण नाहीये." वाईट माणूस नव्हता तो. दर रविवारी आईला फोन करायचा. तिकीट मात्र दर वेळी काहीतरी होऊन कॅन्सल व्हायचं.

कागद आले, तरी मीटिंग टळली नाही. मॅनेजर बाईंना मावशींच्या तोंडून ऐकायचं होतं, कारण आधीचंही त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. मी दुभाषी म्हणून बरोबर गेले. मावशींनी ठेवणीतली साडी नेसली होती. वाटेत म्हणाल्या, "घर गेलं तर पुन्हा त्या बेसमेंटात. आणि घर ठेवायचं तर चारचौघांत म्हणायचं, की मला मुलगा विचारत नाही."

ऑफिसात मॅनेजर बाईंनी सरळ विचारलं, मुलगा तुमच्याबरोबर राहतो का? मावशींनी माझ्याकडे पाहिलं.

"सांग तिला, कामासाठी बाहेर गेलाय. येईल."

"मावशी, हे सांगितलं तर घर जाईल."

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मला वाटलं, आता या उठून जाणार. पण त्यांनी मला हाताने थांबवलं आणि आपल्या मोडक्या इंग्रजीत स्वतःच बोलल्या, "नो. माय सन नॉट लिव्ह विथ मी. नोबडी लिव्ह."

मॅनेजर बाईंनी मऊ आवाजात बुटांचं विचारलं.

"ओन्ली शूज," मावशी म्हणाल्या.

बाईंनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला. मावशींनी घेतला नाही. घर राहिलं, आणि मी आनंदाने कारमध्ये काहीबाही बोलत होते. सिग्नलला थांबलो तेव्हा त्या म्हणाल्या, "आज मी स्वतःच्या तोंडाने पोराला घराबाहेर काढलं गं."

पुढच्या वेळी मी बेल वाजवली तर आतून हाक आली नाही. नुसत्या सपाता वाजल्या आणि दार उघडलं. बूट आणि शर्ट त्यांनी दान करून टाकले होते. भाजणी तशीच खमंग होती, पण मावशी मंडळात येईनाशा झाल्या. "तिथे विचारतात," एवढंच म्हणाल्या. मी पुष्कळ समजावलं की आता ओरडलात तरी चालेल, ऑफिसात सगळं स्पष्ट झालंय. त्या म्हणाल्या, "एकदा नाही म्हटलं ना, आता जीभ वळत नाही."

त्या हिवाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि मावशी गेल्या. मंदार आला तो सगळं आटोपल्यावरच. घर रिकामं करायला ऑफिसने महिनाअखेरीपर्यंत मुदत दिली होती. तोवर तिथे राहायला मॅनेजर बाईंनी त्याला आपणहून परवानगी दिली.

मी डबा घेऊन गेले. दाराबाहेर पुरुषाचे मोठे बूट होते. बेल वाजवली आणि सवयीने हाकेची वाट बघत उभी राहिले.

दार मंदारने उघडलं. डोळे सुजलेले, हातात पॅकिंगची टेप.

"ताई, समोरच्या दारातल्या आजी आत्ता येऊन गेल्या," तो म्हणाला. "माझा हात धरून रडल्या. म्हणाल्या, यू वेअर ऑल्वेज होम, गुड सन. त्या मला कुणी दुसराच समजल्या का?"

"नाही," मी म्हटलं, "तुलाच."