बाळंतिणीचं ताट

‘काय खाल्लंस?’ हाच माझ्या शेजारणीचा रामराम. अंगावर पाजणारी बाई दिसली की ही तिचा पदरच धरायची. नुसतं ‘जेवले’ म्हणून सुटका नाही. ‘जेवले म्हंजी काय? डाळ होती का? भाजी होती का?’ माझी सून तर तिला लांबून बघून दुसऱ्या बोळातून जायची. तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेलच.

पण ही बाई जन्माची अशी नव्हती. तीसेक वर्षांमागच्या दुष्काळात तिचा मुलगा अंगावर होता. जनावरं विकलेली, डाळीचं नाव नाही. घरात भरपूर काय, तर सहकारी कारखान्यातून सभासदांना मिळणारी स्वस्त साखर. कोऱ्या चहात मूठभर साखर टाकायची, त्यात शिळी भाकरी कुस्करायची, की झालं जेवण. तिन्ही त्रिकाळ तेच. साखरेनं दूध उतरतं, असं सगळ्या म्हणायच्या. पोरगं जगलं याचंच कौतुक होतं.

ऐन तिशीत त्या पोराला शुगर निघाली. कशानं झाली, म्हणून तिनं बीडच्या डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं. ते म्हणाले, पाजताना आई काय खाते, त्याचा लेकराच्या तब्येतीवर पुढे परिणाम होऊ शकतो. पण तेवढं एकच कारण नसतं. मी शेजारीच बसले होते. त्यातलं दुसरं हिनं ऐकलंच नाही.

‘माझ्याच दुधानं केलं गं!’ बसमध्ये तिचं एकच.

‘अगं, दुष्काळ होता! तू काय मुद्दाम केलंस?’ मी ओरडले. लोक वळून बघायला लागले. बघेनात का!

मग तिची सून बाळंत झाली, आणि मेला पुन्हा दुष्काळच. नातीचं तसं होऊ द्यायचं नाही, या एकाच गोष्टीनं बाई झपाटली. सरकारी चारा छावणीत गाई-बैल घेतात, शेळी घेत नाहीत. ही टळटळीत उन्हात बाभळीच्या शेंगा वेचून शेळी जगवायची. दूध सुनेला. डाळ सुनेला. कुठून मागून आणलेलं अंडं, तेही सुनेला.

‘आत्या, तुमी बी घ्या की थोडं.’

‘माझं झालंय.’

कधी झालं, ते कुणी पाहिलं नाही. मी विचारलं तर माझ्यावरच डाफरली, ‘मला काय आता कुणाला पाजायचंय?’

एका दुपारी ती बाभळीखालीच कोसळली. घरी आणली ती गेलेलीच.

प्रेत घरात असताना आपल्याकडे कुणी अन्नाला शिवत नाही. तिची लेक सासरहून, पाटोद्याहून यायची होती, तिच्यासाठी सगळे खोळंबले होते. सून उपाशी, आणि नात छातीला लागलेली, सोडायला तयार नाही. मी उठले आणि घरून वरण-भाकरी घेऊन आले.

‘मढं घरात हाय अन् हिला जेवाय घालती!’ बायका कुजबुजल्या.

‘घालते. पाप लागलं तर मला लागू द्या.’

सून मान हलवत होती. मी तिच्या तोंडात घास कोंबला. ती रडत रडत चावत होती, पोर पीत होती. ताट संपेपर्यंत मी जागची हलले नाही. मग मात्र बाईचे पाय धरून ऊर फुटेस्तोवर रडले.