बंद कॉम्प्युटरकडे गेलेला निरोप

सुरुवात माझ्या चुकीपासूनच करतो, म्हणजे कमेंटमध्ये कोणाला ती शोधत बसायला नको. यादी करताना मी फक्त गावांची नावं घातली, पाड्यांची घातलीच नाहीत. सगळा जन्म डहाणूत गेला, आणि इकडे माणूस पत्ता सांगताना आधी पाडा सांगतो हे नेमकं तेव्हा आठवलं नाही... असो.

भुताखेतांच्या बाबतीत मी अगदी कोरडा माणूस. दाराला बांधायला आणलेलं लिंबू मी सरबतात पिळलेलं आहे. त्यामुळे हे मी लिहितोय यावर घरात आधीच हसून झालंय.

डहाणू रोडला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. इथल्या एका संस्थेच्या दोन रुग्णवाहिका आहेत – एक डहाणूत, एक तलासरीत. गावोगावच्या स्वयंसेविका मोबाईलवर फॉर्म भरतात आणि ड्रायव्हरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर बेल वाजते. आधी ती दोन्हीकडे वाजायची. मग कधी दोन्ही गाड्या धावायच्या, तर कधी दोघेही ‘तो गेला असेल’ म्हणून बसून राहायचे. म्हणून मला सांगितलं, निरोप वेगळे करा.

मी सर्व्हरवर नियम लिहिले. आलेला निरोप आधी वाचायचा. तलासरी तालुक्यातलं गाव दिसलं तर तलासरीच्या कॉम्प्युटरकडे पाठवायचा, डहाणूतलं दिसलं तर डहाणूच्या. आणि यादीतलं कुठलंच गाव सापडलं नाही तर? तर माझ्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरकडे. हे फक्त चाचणीपुरतं होतं. चाचणी संपली, बायकोने तो कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकला, आणि मी नियम बदलायला विसरलो. ही चूक नंबर दोन.

नवीन नियम सुरू होऊन चार दिवस झाले होते. भातकापणी चालू होती. संध्याकाळी दुकानात चहा पिता पिता मी सर्व्हरची नोंद सहज चाळत होतो, तर एक ओळ दिसली. दुपारी एक बावन्न. ‘साप चावला, लवकर या’ आणि एका पाड्याचं नाव. बस्स. गाव नाही. त्यामुळे निरोप पाठवला होता – माझ्या घरी, माळ्यावर.

चहा तसाच राहिला. माझ्या विसरभोळेपणाने कोणीतरी मेलं असणार, एवढंच डोक्यात आलं.

तलासरीच्या ड्रायव्हरला, किसनभाऊंना फोन लावला.

“किसनभाऊ, आज दुपारी... सापाची केस...”

“झाली की! उधव्याची बाई ना? कापणी करताना घोणस चावली. नेली मी तिला. डॉक्टर बोलले, अजून तासभर गेला असता तर अवघड होतं.”

“तुम्हाला सांगितलं कोणी?”

“कोणी म्हणजे? बेल वाजली. स्क्रीनवर पाडा, खाली गाव उधवा. सर, सिस्टीम तुमची आणि विचारता मला?”

“गाव होतं स्क्रीनवर? नक्की?”

“मी डहाणूकडच्या आगरचा माणूस, मला इकडे येऊन पंधरा दिवस झालेत. गाव नसतं तर गाडी काय गुजरातेत नेली असती?”

दुसऱ्या दिवशी तलासरीला गेलो. किसनभाऊंच्या गाडीच्या वहीत पाडा, उधवा आणि वेळ – एक त्रेपन्न – असं त्यांच्याच अक्षरात होतं. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये मात्र तो निरोप आल्याची नोंदच नाही. जुन्या पद्धतीने गेला असेल म्हणावं, तर डहाणूतही बेल वाजायला हवी होती. ती वाजली नाही. मग त्या पाड्यावरून फॉर्म भरणाऱ्या स्वयंसेविका कमलताईंना फोन केला.

“गाव नाही लिहिलं मी, सर. फोन लागत नव्हता, टेकडावर चढून कसाबसा पाठवला. रागावू नका, पुढच्या वेळी लिहीन.”

“रागावत नाही हो. दुसऱ्या कोणी तलासरीला कळवलं का?”

“कोण कळवणार? सगळी तिच्याजवळ होती. गाडी आली तेव्हा आम्हीच बोललो, इतक्यात कशी आली?”

घरी येऊन माळ्यावर चढलो. चादर तशीच होती, वायर कॉम्प्युटरभोवती गुंडाळलेली. सर्व्हरच्या नोंदीत मात्र त्या ओळीपुढे लिहिलेलं आहे – पोचला, उत्तर मिळालं. बंद यंत्र उत्तर देत नाही, ही माझ्या धंद्यातली पहिली इयत्ता. दोन जाणकार मित्रांना नोंद दाखवली. एक म्हणाला, तू काहीतरी घोळ घातला असणार. हे मलाही पटतं, पण माझा घोळ इतका कामाचा कधीच नसतो. दुसऱ्याने नोंद दोनदा वाचली आणि विषय बदलला.

पाड्यांची यादी मी त्याच रात्री पूर्ण केली. निरोप कोणी पोचवला, त्यात गाव कोणी घातलं, हे आजही मला सांगता येत नाही.

आठवडाभर हाच विषय घेऊन बसलो होतो. जेवताना बायकोला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो – एक बावन्नला निरोप सुटला, एक त्रेपन्नला...

तिने आमटीचा डाव पातेल्यात ठेवला आणि म्हणाली, “आठ दिवस झाले, त्या मशीनची चौकशी चाललीय. ती बाई पायावर उभी राहिली का, हे विचारलंत कोणाला?”