मासळीच्या पेटीतून आलेला तुकडा

फेब्रुवारी, दुसरा मंगळवार, सकाळ. रत्नागिरीतली आमची लॅब. हजर: डॉक्टर मॅडम, मी टेक्निशियन, आणि बाकावर राजापूरकडच्या गावातली एक सून. तिच्या मांडीवर मासळीची थर्मोकोलची पेटी.

लग्नाला नऊ वर्षं, मूल नाही. नवरा लोट्याला कारखान्यात. त्याच्या वीर्यात शुक्रजंतू सापडले नव्हते, म्हणून आदल्या दिवशी राजापूरच्या दवाखान्यात वृषणाचा छोटा तुकडा काढला होता. आत कुठे शुक्रजंतू तयार होत असतील, तर त्याचं स्वतःचं मूल शक्य होतं.

पेटी उघडली, तर तुकड्याची बाटली बर्फात. आमच्या सूचनांत ठळक लिहिलंय, बर्फ नको.

"बर्फ कोणी सांगितला?"

"सांगायला कशाला हवं, ताई? सुरमई टिकते, मग हे नाय टिकणार? सासूबाई म्हणाल्या, जपून ने, नातवंड आहे त्यात."

मॅडमनी हसत बाटली तिरकी केली. "गोठलेलं नाही. गारव्यानं तुकडा टिकवायचं औषध हळू मुरलंय, इतकंच. अजून एक दिवस राहू दे." मग तिला म्हणाल्या, "एसटीत दोन तास मांडीवर धरलीस ना? शाबास."

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा आली, तेव्हा तुकड्याचे पातळ काप लावलेल्या काचा तयार होत्या. डीएनएची नक्कल करणाऱ्या प्रथिनाला आम्ही तपकिरी रंग दिला होता. शुक्रजंतू जिथे घडतात त्या बारीक नळ्यांच्या कडेच्या पेशी तपकिरी उठल्या होत्या. मॅडम मला समजावत गेल्या. नक्कल सुरू झाली की तिला परवानगी देणारी प्रथिनं बाजूला होतात, त्यामुळे एकच मजकूर दोनदा उतरत नाही. शुक्रजंतू घडताना नक्कल एकदा, विभागणी दोनदा, म्हणून शेवटी निम्मा वाटा उरतो आणि आईच्या निम्म्याला जागा राहते. मी आयुष्यभर याद्या करतेय, तरी झालेल्या कामावर खूण करायची विसरते. इतकी शिस्त मला जमलेली नाही.

बहुतेक नळ्यांत मात्र काम विभागणीपाशीच अडलं होतं. एकीत मधोमध दोन-तीन लांबट डोकी दिसली.

"शुक्रजंतूच?" मी विचारलं.

"एवढ्यावर लिहून देणार नाही. खालचे काप बघू. तिला आत काम चालू आहे म्हणा, मूल होईल म्हणू नका."

मी बाहेर जाऊन तेवढंच सांगितलं.

"म्हणजे आत कोणीतरी राबतंय?"

"राबतंय."

तिनं नवऱ्याला फोन लावायला घेतला. मी थांबवलं. तुकडा बसवलेल्या मेणाच्या ठोकळ्याचा खालचा अर्धा भाग कापायचा राहिला आहे.