कपाटामागची भिंत

ठकठककाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण तीस वर्षं लोकांच्या भिंतींवर बोटाची पेरं आपटत हिंडणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? जुनं घर विकत घ्यायचं ठरलं की लोक आधी त्यांना बोलवायचे. काका येत, चहा नको म्हणत आणि कोपऱ्यापासून भिंत वाजवत निघत. आवाज भरीव आला की पुढे, पोकळ आला की खडूने फुली. घर विकणाऱ्यांच्या डोळ्यांत ते सलायचे. एक जण वैतागून म्हणाला, "काका, तुम्ही स्वर्गात गेलात तरी आधी छत तपासाल."

"तपासायलाच हवं," काका म्हणाले, "बरंच जुनं आहे ते."

त्यांचा एक नियम होता. भिंतीला लागलेलं सामान हलवल्याशिवाय घराला 'हो' म्हणायचं नाही. ताजा रंग आणि जड कपाट यांच्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. एकदा तर त्यांनी आजारी म्हाताऱ्याला पलंगासकट सरकवायला लावलं होतं. मागे वाळवी निघाली, तेव्हा म्हाताराच आधी हसला.

मग त्यांच्या मुलीने घर बघायला घेतलं. नवरा, दोन मुलं आणि भाड्याची दीड खोली, किती दिवस काढणार? दोन वर्षांत काकांनी तिला नऊ घरं नाकारायला लावली. कुठे पाया खचलेला, कुठे तुळई कुजलेली. जावई बिचारा मान डोलवायचा. मुलीने मात्र हळूहळू फोन करणं कमी केलं. आईविना वाढवलेली एकुलती एक पोर ती. काकांच्या ते फार जिव्हारी लागलं, पण बोलणार कुणाजवळ?

दहाव्या घराच्या दारातच ती म्हणाली, "बाबा, या वेळी नाही म्हणू नका."

काकांनी छत पाहिलं, नळ सोडून पाहिले, भिंती वाजवल्या. सगळं ठीक होतं. मागच्या खोलीत भिंतभर लाकडी कपाट होतं, कपड्यांनी गच्च भरलेलं. घरमालकीण म्हणाली, "चार माणसं लागतात हो हलवायला. कशाला उगीच?" काकांनी मुलीकडे पाहिलं. ती खिडकीशी उभी राहून हातांच्या वितींनी पडद्याचं माप घेत होती. तिचा चेहरा असा खुललेला त्यांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. त्यांनी कपाटाच्या दोन्ही बाजूंना भिंत वाजवली. आवाज भरीव आला.

"घ्या," काका म्हणाले. परतताना सबंध रस्ताभर ती बोलत होती.

घर ताब्यात आलं त्या सकाळी घरमालकिणीची माणसं कपाट घेऊन गेली. दुपारी जावयाचा फोन आला, "बाबा, जरा येऊन जाता का?"

जमिनीपासून छतापर्यंत भेग गेली होती. कुणीतरी तीत कागदाचे बोळे कोंबून वरून सिमेंट लिंपलं होतं. काकांनी ओळंबा सोडला. भिंत बाहेर कलली होती, बोटभर नव्हे, चांगली चार बोटं. ती उतरवून पायापासून नव्याने बांधावी लागणार होती. तोवर मागच्या खोलीत कुणी झोपायचं नाही, असं त्यांनीच सांगितलं. ती मुलांची खोली ठरली होती. पुन्हा चौघं एका खोलीत.

मुलगी भिंतीकडे पाहत राहिली.

"बाबा, एक विचारू? हे परक्याचं घर असतं, तर तुम्ही कपाट हलवायला लावलं असतं?"

खोटं बोलणं सोपं होतं. म्हातारा झालो, चुकलो, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं.

"हो," काका म्हणाले.

"मग मलाही परकी समजायचं होतंत," ती म्हणाली, आणि मुलांच्या गाद्या उचलून पुढच्या खोलीत नेऊ लागली.