चावी माझ्याकडे होती

चोपड्यातलं माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान वीस वर्षांचं. दोन वर्षांपूर्वी धुळ्याहून शिकून आलेल्या एका मुलीनं बरोबर समोर दुकान थाटलं आणि माझं डोकं फिरलं. माझं एखादं गिऱ्हाईक तिची पायरी चढताना दिसलं, की माझा चहा तसाच गार व्हायचा.

इकडची माणसं वावरात जाताना घराची चावी शेजारी ठेवतात. लॅपटॉपच्या डिस्कला कुलूप घालून दिलं, की तिची अठ्ठेचाळीस आकडी चावीही ते मलाच सांभाळायला सांगत. मी वहीत लिहून ठेवायचो. गिऱ्हाईक जाईल कुठे, असा माझा हिशेब.

नाना मात्र तिच्याकडे वळले. निवृत्त शिक्षक. सातपुड्यातल्या पाड्यांवर पंधरा वर्षं फिरून त्यांनी रानभाज्यांची माहिती जमवली होती, फोटोंसकट, आणि ती सगळी त्या एका लॅपटॉपवर. तो सुरूच होईना, तेव्हा ते माझ्या दारावरून तिच्याकडे गेले.

तिनं पेनड्राइव्हवरच्या दुसऱ्या सिस्टिमवरून लॅपटॉप चालू केला. डिस्क दिसली, पण कुलूपबंद. तिनं मला फोन लावला. "भाऊ, नाना म्हणतात चावी तुमच्याकडे आहे. बघता का जरा?"

वही माझ्या कोपराखाली होती. "सापडत नाही," मी म्हणालो. "पुसून टाक सगळं आणि नव्यानं सिस्टिम घाल."

काचेतून नाना दिसत होते. स्टुलावर बसलेले, चष्मा हातात. खोटं कशाला सांगू, आधी मला बरंच वाटलं. जा म्हणावं आता तिच्याकडे! पण तास उलटला तरी ते उठेनात, आणि माझ्याच्यानं बसवेना.

वही घेऊन मी रस्ता ओलांडला. "सापडली," म्हणालो.

"मी काही पुसलं नाही," ती म्हणाली. "म्हटलं, सापडेल तुम्हाला." मी आकडे वाचत गेलो, ती टाकत गेली. डिस्क उघडली. पहिल्याच पाड्याचे फोटो बघून नानांनी माझा हात घट्ट धरला.

"भाऊ, तू व्हता म्हनीसन बठ्ठं वाचनं!" ते अहिराणीत म्हणाले. मी होतो म्हणून म्हणे सगळं वाचलं.

एका वाक्यात ती मला उघडं पाडू शकली असती. तिनं माझ्याकडे पाहिलं, "हो ना," म्हणाली आणि फोटोंची दुसरी प्रत करायला लागली. गिऱ्हाइकांवरून तिच्यावर जळणं मला सोसत होतं. त्या दिवसापासून मी तिच्या मोठ्या मनावर जळतो, ते सोसत नाही.