व्हिन्सेंटदादाचा नियम

उसाच्या रसातसुद्धा बर्फ नको म्हणणारा माणूस सतरा मुलांना घेऊन बर्फात निघाला, तेव्हा शारजातल्या आम्हा वसईकरांनी त्याला वेड्यात काढलं. व्हिन्सेंट लोपीस, मूळचा भुईगावचा. हमरिया फ्री झोनमधल्या एका रंगाच्या कारखान्यात डिस्पॅच सुपरवायझर, राहायला अजमानला. दिवसभर ट्रक भरून घ्यायचे आणि ड्रायव्हरांशी हिंदीत हुज्जत घालायची, हे त्याचं काम. चर्चच्या यूथ ग्रुपचा तो प्रमुख आहे, आणि इतकी वर्षं आहे की त्याच्या आधी कोण होतं ते कोणाला आठवत नाही.

मी मरिसा, एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला असते आणि ग्रुपमध्ये त्याची मदतनीस. माझ्यापेक्षा तो चांगला बारा वर्षांनी मोठा, पण दादा म्हणायचं आणि अरेतुरे करायचं ही आमच्या घरची रीत. त्यामुळे त्याच्यावर रागवायला मला कधी अडचण आली नाही. अजूनही येत नाही.

दादाला भाषण येत नाही. गातो तर इतका बेसूर की क्वायरवाले त्याला आधीच खुर्च्या लावायला पाठवतात. त्याला येतं एकच, ऐकून घेणं. प्रार्थना संपली की चर्चच्या पार्किंगमध्ये कठड्यावर बसतो, पिशवीतून संत्रं काढतो आणि सोलायला लागतो. समोरच्याच्या तोंडाकडे बघत नाही. अर्धं संत्रं सोलून होईपर्यंत मुलाची जीभ मोकळी झालेली असते. घरी आईला ‘व्हॉटेव्हर’पलीकडे उत्तर न देणारी पोरं त्याच्याजवळ तासतासभर इंग्लिशमध्ये बोलतात, आणि हा त्यांना हिंदी, मराठी आणि मोडक्या इंग्लिशची खिचडी करून उत्तर देतो. मोठं झाल्यावर कोणी ऑस्ट्रेलियातून, कोणी कॅनडातून त्याला फोन करतं. फोन आला की दादा घरातून उठतो, बाल्कनीत जातो आणि काचेचं दार ओढून घेतो. दुसऱ्याचं गुपित बायकोच्यासुद्धा कानावर पडू नये म्हणून.

ग्रुपमधली मुलं छोट्या गटांत बसून मनातलं बोलतात, त्यासाठी त्याने एकच नियम घालून दिला आहे. आईबापांनी आपल्या मुलाच्या गटात बसायचं नाही, आणि गटात बोललेलं बाहेर न्यायचं नाही. त्यालाही कारण होतं. पूर्वी एकदा एक मुलगी गटात मन मोकळं करायला लागली, आणि तिथेच बसलेल्या तिच्या बापाने उठून सगळ्यांदेखत तिची हजेरी घेतली. ती पोर पुन्हा चर्चची पायरी चढली नाही. दादाला ते इतकं लागलं की पुढच्याच आठवड्यात नियम आला. कितीतरी आया तोंड वाकडं करून गेल्या, पण त्याने कोणासाठी सूट दिली नाही.

आता नियम सगळ्यांना म्हणजे त्यालाही. त्याचा मुलगा डेरिक ग्रुपमध्ये आला तेव्हापासून माझ्या नाहीतर दुसऱ्या कोणाच्या गटात बसायचा. दादा गावभरच्या पोरांचं ऐकायचा, आणि डेरिक घरी ‘फाइन’ आणि ‘ओके’ या दोन शब्दांवर दिवस काढायचा. सेलिनशी, म्हणजे आईशी, तो थोडंफार बोले. बापाशी अजिबात नाही. भांडण नव्हतं, हेच तर वाईट होतं. भांडण असतं तर मिटवता आलं असतं.

बारावीनंतर डेरिक कॅनडाला जाणार हे ठरलं होतं. इथे सगळ्यांचीच जातात. आपल्याला इथे कायम राहायचं नाही, व्हिसा आहे तोवर घर, हे आम्ही मुलांना दुधाबरोबर पाजतो. दादा स्वतः कितीतरी पोरांना पार्किंगमध्ये सांगायचा, जा बाबांनो, मागे बघू नका.

एका शुक्रवारी त्याने मला बर्फाचं खरं कारण सांगितलं. मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. डोंगरातलं जंगल, बर्फात लांबच लांब पाडलेल्या खाचा, शेजारी शेजारी दोन जोड्या, आणि त्यांत पायाला स्की लावून रमतगमत चाललेली दोन माणसं.

“हे डोंगरावरून घसरायचं नाही,” तो म्हणाला. “सपाटीवर चालायचं. शेजारी शेजारी. पुढे बघून. तोंडाकडे कोणाला बघावंच लागत नाही.” मग खिशातून संत्रं काढलं, पण सोललं नाही. “जायच्या आधी एकदा तरी त्याने माझ्याशी बोलावं, मरिसा. काहीही. शिव्या दिल्या तरी चालेल.”

म्हणजे एका मुलाशी बोलण्यासाठी हा बाप सतरा मुलांची सहल काढत होता. सरळ त्याच्या खोलीत जाऊन पलंगावर बसायचं त्याला सुचलं नाही. सुचलं असेल तर जमलं नाही.

जॉर्जियातल्या बाकुरियानीचा एक लाकडी लॉज ठरला. तारीख नाताळनंतरची. आयांनी दिरहमचे रुपये करून सुस्कारे सोडले आणि मग हो म्हणाल्या. सराव कुठे करायचा? दादाने अल क्वोजमधल्या त्याच्या ओळखीच्या सुताराकडून, अक्रमकडून, लाकडाच्या लांब पट्ट्या कापून घेतल्या. “हबीबी, रेत में नाव चलाओगे?” असं अक्रमने विचारलं म्हणे. आम्ही शारजाबाहेरच्या वाळूत गेलो, पट्ट्यांना बूट बांधले, आणि पहिल्याच पावलाला दादा तोंडावर आपटला. डेरिक हसला. मोठ्याने, पोट धरून हसला. दादाने वाळू थुंकत त्याच्याकडे पाहिलं आणि त्यानंतर तो आणखी दोनदा पडला. ते दोन्ही वेळा मुद्दाम होतं, हे माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आलं नाही.

लॉजवर आम्ही मोठी माणसं तिघं होतो, दादा, मी आणि चर्चमधला एक तरुण ब्रदर. रोज सकाळी मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या एका लोकरी टोपीत घालायच्या. आम्ही तिघांनी एकेक उचलायची, उरलेल्यांनी आपापसांत जोड्या लावायच्या, आणि दुपारपर्यंत त्या जोडीने जंगलातून फिरून यायचं. मी दादाला आदल्या रात्रीच म्हटलं होतं, डेरिकची चिठ्ठी हातात दाबून ठेव, कोणाला कळणार नाही. त्याने मान हलवली. सोळा पोरांना फसवून एकाशी काय बोलणार, म्हणाला. प्रामाणिक माणसांचा मला एवढ्यासाठीच कंटाळा येतो.

पहिले दोन दिवस दुसरीच नावं निघाली. दादा आला तो नाकाचा शेंडा लाल करून, आणि दुसऱ्यांच्या पोरांची मनं ऐकून. तिसऱ्या दिवशी त्याने टोपीत हात घातला, चिठ्ठी उघडली आणि बघतच राहिला. मग वाचली. डेरिक.

डेरिक वाटेवर गेला, डावीकडच्या खाचेत स्की बसवल्या, आणि उजवीकडची जागा सोडून उभा राहिला.

तेवढ्यात ग्लेनिस नावाची एक चुणचुणीत पोरगी ओरडली, “अंकल, रूल इज रूल!” बाकीची हसली. तिच्या मनात काही नव्हतं. तिच्या आईलाही दादाने गटात बसू दिलं नव्हतं, त्याची तिने गंमत केली. ‘अगं बाई, तो नियम गटाचा, जोडीचा नाही,’ एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी म्हणणारच होते. पण दादाचा चेहरा मी पाहिला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला तो घाबरलेला दिसला. गावभरच्या मुलांना न घाबरणारा माणूस आपल्या एका मुलाला घाबरला. नियम त्याला आयताच सापडला.

“बरोबर आहे,” तो म्हणाला. “नियम सगळ्यांना.” चिठ्ठी घडी करून टोपीत टाकली, टोपी हलवली आणि दुसरी उचलली.

मग माझी पाळी. माझ्या हाताला डेरिक लागला.

आम्ही खाचांतून निघालो. स्कीची करकर सोडली तर जंगलात आवाज नव्हता. दादाचा अंदाज खरा होता, शेजारी शेजारी चालताना बोलणं सोपं जातं. डेरिक बोलायला लागला, आणि आजच डॅडला सांगणार होतो, इथपासूनच त्याने सुरुवात केली. त्याला कॅनडाला जायचं नव्हतं. दुबईतल्याच कॉलेजात शिकायचं होतं, अजमानच्या त्या दोन खोल्यांत राहायचं होतं. अर्ज केला, कारण सगळे करतात आणि डॅड सगळ्यांना जा म्हणतो. मला कधी त्याने विचारलंच नाही, म्हणाला. बाल्कनीच्या दाराआडून डॅडला दुसऱ्यांशी बोलताना बघतच तो मोठा झाला होता.

“ही इज एव्हरीबडीज् डॅड, आंटी,” तो म्हणाला. “मला फक्त त्याने एकदा ‘राहा’ म्हणायला हवं होतं. आय वुड स्टे.”

मी म्हटलं, अरे मग जा आणि आत्ता सांग त्याला. तर म्हणाला, सगळ्यांसमोर त्याने माझी चिठ्ठी परत टाकली, त्यात उत्तर आलं. आईला सांगू का, विचारलं. तर त्याने मला शपथ घातली. आई रडेल, मग मी तिच्या रडण्यासाठी राहीन, ते नको. “खलास, आंटी,” म्हणाला आणि काठ्या रोवून पुढे निघून गेला. मला त्याला गाठता आलं नाही.

संध्याकाळी दादा लॉजच्या ओसरीवर मुलांचे ओले बूट शेकोटीजवळ न्यायला गोळा करत होता. मी नियमबियम बाजूला ठेवून गेले. दादा, डेरिक मला काहीतरी बोललाय, ते तुला ऐकायलाच हवं, म्हटलं. त्याने बूट धरलेला हात वर केला.

“नको. तुझ्यावर विश्वास ठेवून बोलला ना? तुझ्याजवळच ठेव.”

“तो गट नव्हता, दादा. रस्ता होता.”

“तेच ते. मला सांगायचं असेल तेव्हा तो सांगेल.” आणि हसला. खरोखर आनंदाने हसला. “बोलला, हे बरं झालं. कोणाशी तरी बोलला.”

मी हट्ट सोडला नाही. निदान त्याला विचार तरी, जायचंय का म्हणून. तर म्हणतो, विचारलं तर त्याला वाटेल बाप अडवतोय, इतक्या हौसेने चाललाय. हौसेने चाललाय हे तुला कोणी सांगितलं, असं मी विचारलं. जायचं नसतं तर बोलला नसता का, हे त्याचं उत्तर. यावर माणसाने काय करायचं? मी त्याच्या हातातला बूट हिसकावून घेतला आणि आत निघून गेले.

परत आल्यावर सगळं आपल्या वेळेला होत गेलं. परीक्षा झाली, व्हिसा आला, सेलिनने थर्मलचे कपडे आणले. मी डेरिकला दोनदा गाठलं. दोन्ही वेळा त्याने मलाच धीर दिला. दादाला पुन्हा एकदा छेडलं, तर त्याने पिशवीतून संत्रं काढून माझ्या हातात ठेवलं, म्हणजे विषय बंद. ऑगस्टमध्ये एअरपोर्टवर सेलिन रडली. दादाने मुलाच्या पाठीवर थाप मारली आणि ट्रॉली सरळ करून दिली. डेरिक एकदाच वळला, बापाकडे बघून क्षणभर थांबला. दादाने हात हलवला. जा, असा. पोरगा गेला.

त्यानंतर फोन रोज व्हायचे, मग शनिवार-रविवारी, मग मेसेज. नोव्हेंबरात कळलं की डेरिक नाताळला येणार नाही, त्याने तिथे पार्टटाइम काम धरलं आहे. त्या आठवड्यात प्रार्थना संपल्यावर दादा कठड्यावर बसला होता. जवळ कोणी मूल नव्हतं. मला हाक मारली.

“आता तो ग्रुपमध्ये नाही,” म्हणाला. “आता नियम लागत नाही. सांग, काय बोलला होता?”

एवढे महिने मी ते पोटात घेऊन फिरत होते. त्याला ऐकवायला टपले होते असं म्हटलं तरी चालेल. पण त्या क्षणी वाटलं, नसतं विचारलं तर बरं झालं असतं. शपथ घालणाऱ्याचं विमान केव्हाच गेलं होतं. मी सांगितलं. सगळं, जसंच्या तसं.

दादाने मोबाइल काढला आणि तिथेच स्पीकरवर डेरिकला लावला. बाल्कनी नव्हती, दार नव्हतं. तिकडे सकाळ होती. डेरिकचा आवाज छान मोकळा आला, मागे कोणीतरी हसत होतं. यॅ डॅड, ऑल गुड?

“डेरिक, तू परत ये ना रे,” दादा म्हणाला. “इथेच राहा.”

मागचं हसणं लांब गेलं. मग डेरिक अगदी प्रेमाने, समजुतीने बोलला. दादा ग्रुपमधल्या पोरांशी बोलतो ना, तसाच. “डॅड, आय हॅव अ लाइफ हियर नाऊ. आर यू ओके? मॉम ओके?” क्लासला उशीर होतोय, नंतर बोलू, म्हणाला. दादाने हो हो, काही नाही, सहज, असं म्हणून फोन ठेवला. ते ‘नंतर’ अजून आलेलं नाही.

पार्किंग रिकामं होत आलं होतं. सेलिन गाडीत बसून हॉर्न देत होती. दादाने फोन खिशात टाकला, उठला, आणि पुन्हा बसला.

“त्या दिवशी तो स्की घालून उभा होता, नाही का गं? माझी जागा सोडून?”

“होता.”

“कितीसा वेळ?”

मी खोटं बोलू शकले असते. पण त्याच्याशी खोटं बोलायची मला सवय नाही.

“तू दुसरी चिठ्ठी उचलेपर्यंत,” मी म्हटलं.